ताप उतरल्यावर येणारा बहिरेपणा : लासा ज्वर आणि अंतःकर्ण

एखाद्या कडक ज्वरातून रोगी वाचला, ताप उतरला, तोंडाला चव आली, म्हणजे रोग सरला असे आप्तेष्टांना वाटणे स्वाभाविक आहे. पश्चिम आफ्रिकेतील लासा ज्वराच्या बाबतीत मात्र हाच काळ कानांच्या दृष्टीने विशेष धोक्याचा ठरतो. अंगात ताप नाही, शुद्धी पूर्ण आहे, अशा स्थितीत रोग्याला एकाएकी ऐकू येईनासे होते. कधी एका कानाने, तर कधी दोन्ही कानांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे या ज्वरातून वाचणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे 25 टक्के रोग्यांना बहिरेपणा येतो व त्यांपैकी निम्म्या रोग्यांनाच एक ते तीन महिन्यांच्या अवधीत काही अंशी श्रवण परत लाभते. शरीरातून विषाणू हटू लागला असता कानाचा घात कोण करतो, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. त्याच्या उत्तरावर उपचाराची दिशा अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

आकस्मिक बहिरेपणा म्हणजे काय

वैद्यकात ‘आकस्मिक बहिरेपणा’ ही संज्ञा विशिष्ट अर्थाने योजिली जाते. श्रवणमापन करताना लगतच्या निदान तीन कंप्रतांवर 30 डेसिबेल किंवा त्याहून अधिक ऱ्हास आढळला आणि तो 72 तासांच्या आत घडून आला असेल, तर त्यास हे नाव देतात. कानात मळ साचल्याने अथवा मध्यकर्णात पू झाल्याने येणारा बहिरेपणा याहून भिन्न होय. तेथे ध्वनी आत पोचण्याच्या मार्गात अडथळा असतो. येथे मार्ग मोकळा असून दोष अंतःकर्णात किंवा तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत असतो.

अशा बहुसंख्य रोग्यांमध्ये कोणतेही निश्चित कारण सापडत नाही. विषाणूंवरचा संशय जुना आहे. परंतु संशय व पुरावा यांत अंतर आहे. अंतःकर्ण हा कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेला अवयव आहे. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येतो. जिवंत माणसाच्या अंतःकर्णाचा तुकडा काढणे म्हणजे उरलेले श्रवणही नष्ट करणे होय. रक्तात एखाद्या सर्वसाधारण विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कारण अशी प्रतिपिंडे निरोगी माणसांच्या रक्तातही असतात. म्हणून ज्या रोगात विषाणूची ओळख निश्चित आहे आणि ज्यात बहिरेपणा वारंवार येतो, असा रोग या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयोगी ठरतो. लासा ज्वर हा असा रोग आहे.

श्रवणाची नाजूक यंत्रणा

पुढील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून अंतःकर्णाच्या रचनेची थोडी माहिती येथे देणे अवश्य आहे. श्रवणाचे इंद्रिय गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या नलिकेत वसलेले असते. हिचे वेढे अडीच ते पावणेतीन असून ती उलगडली तर तिची लांबी जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्या आत एका पातळ पटलावर सुमारे 15,000 केशपेशी ओळीने मांडलेल्या असतात. ध्वनीच्या कंपनांनी आतील द्रव हलतो, केशपेशींच्या माथ्यावरील सूक्ष्म केस वाकतात आणि त्या वाकण्याचे रूपांतर विद्युत्‌ संदेशात होऊन तो मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. नलिकेच्या पायथ्याशी उच्च स्वरांचे व टोकाशी खर्जातील स्वरांचे ग्रहण होते.

या यंत्रणेची दोन वैगुण्ये ध्यानात ठेवली पाहिजेत. पहिले असे की, तिचा रक्तपुरवठा एकाच बारीक धमनीवर अवलंबून असतो. ती धमनी किंवा तिच्या शाखा दाहाने सुजल्या अथवा बुजल्या, तर रक्त दुसऱ्या वाटेने तेथे येऊ शकत नाही. दुसरे असे की, मनुष्याच्या केशपेशी एकदा मेल्या म्हणजे पुन्हा उत्पन्न होत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात. सस्तन प्राण्यांच्या श्रवणेंद्रियाला ही देणगी मिळालेली नाही. पेशी केवळ काही काळ निष्क्रिय झाल्या असतील तर श्रवण परत येते. नष्ट झाल्या असतील तर येत नाही. त्वचेवरची जखम भरून येते, हाड सांधते. श्रवणाच्या बाबतीत मात्र काही दिवसांत झालेली हानी जन्मभराची ठरू शकते.

रोगाची ओळख

जानेवारी 1969 मध्ये ईशान्य नायजेरियातील लासा या गावच्या मिशन रुग्णालयात लॉरा वाइन ही परिचारिका आजारी पडली. तिला विमानाने जोस येथे हलविण्यात आले. परंतु ती दगावली. तिची शुश्रूषा करणारी दुसरी परिचारिकाही त्याच रोगाने मरण पावली. तिसरी परिचारिका लिली पिनिओ हिला न्यूयॉर्कला नेण्यात आले व ती वाचली. येल विद्यापीठात या रोग्यांच्या रक्तातून एक नवीन विषाणू वेगळा करण्यात आला. हे काम करणारे शास्त्रज्ञ जोर्दी कासाल्स यांना त्याच विषाणूची बाधा झाली, तेव्हा रोगमुक्त झालेल्या पिनिओच्या रक्तातील द्रव त्यांना टोचण्यात आला आणि ते बचावले. त्याच प्रयोगशाळेतील हुआन रोमान हे तंत्रज्ञ मात्र त्या वर्षाअखेर या रोगाला बळी पडले. विषाणूला व रोगाला त्या गावाचे नाव मिळाले.

विषाणूचे मूळ वसतिस्थान म्हणजे पश्चिम आफ्रिकेत घरोघरी व शेतोशेती आढळणारा, पुष्कळ स्तन असलेल्या जातीचा उंदीर होय. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. त्याच्या मूत्रातून व लेंड्यांतून विषाणू बाहेर पडतो. उघड्यावर ठेवलेले धान्य, झाकण नसलेली भांडी, तसेच खाण्यासाठी उंदीर पकडणे व सोलणे यांतून माणसाला बाधा होते. रोग्याचे रक्त किंवा शरीरातील इतर द्रव यांचा संपर्क आल्यास परिचारकांनाही ती होते. नायजेरिया, सिएरा लिओन, लायबेरिया व गिनी हे देश या रोगाचे मुख्य क्षेत्र समजले जातात.

बाधा झालेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांत लक्षणे अत्यंत सौम्य असतात किंवा मुळीच नसतात. उरलेल्यांत ताप, घसा दुखणे, उलट्या, छातीत कळा, चेहऱ्यावर सूज व प्रसंगी रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. एकंदर बाधितांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे 1 टक्का असले, तरी गंभीर अवस्थेत रुग्णालयात दाखल झालेल्यांत ते सुमारे 15 टक्क्यांपर्यंत जाते. मृत्यूचे हे भय इतके मोठे की, वाचलेल्या रोग्याच्या कानांकडे फारसे कोणाचे लक्ष जाऊ नये यात नवल नाही.

सिएरा लिओनमधील अभ्यास

रोगमुक्त झालेल्यांना बहिरेपणा येतो, याची नोंद रोगाच्या आरंभीच्या वर्णनांतही आढळते. परंतु एखाद-दुसऱ्या रोग्याच्या नोंदीवरून कार्यकारणभाव ठरत नाही. हे काम 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केले. डी. कमिन्स, जोसेफ मॅकॉर्मिक व त्यांचे सहकारी यांनी तो सिएरा लिओनच्या पूर्व प्रांतात केला होता.

या अभ्यासाची मांडणी समजून घेण्याजोगी आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या तापाच्या रोग्यांचे श्रवणमापन करण्यात आले. त्यांपैकी 49 जणांना लासा ज्वर असल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. 20 जणांचा ताप अन्य कारणाचा होता. लासा ज्वराच्या 49 पैकी 14 रोग्यांना, म्हणजे 29 टक्के रोग्यांना, मज्जातंतुजन्य बहिरेपणा आला. इतर तापाच्या 20 रोग्यांपैकी एकालाही तो आला नाही. या दुसऱ्या गटाचे महत्त्व मोठे आहे. क्विनीन किंवा जंतुनाशकांपैकी काही औषधे कानाला अपाय करतात, हे सर्वश्रुत आहे. कडक तापामुळेही श्रवण मंदावल्याचा भास होऊ शकतो. अशा तर्कांना आळा घालावयाचा, तर अन्य तापाच्या रोग्यांशी तुलना करणे हाच मार्ग होय.

अभ्यासाचा दुसरा भाग रुग्णालयाबाहेरचा होता. त्या प्रदेशात पूर्वी केव्हातरी एकाएकी बहिरे झालेले 32 लोक शोधून त्यांच्याशी मिळतीजुळती 32 माणसे तुलनेसाठी निवडण्यात आली. बहिऱ्यांपैकी 26 जणांच्या रक्तात लासा विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. तुलनेच्या गटात ती फक्त 6 जणांत आढळली. त्या प्रदेशात आकस्मिक बहिरेपणाचे प्रमुख कारण हा विषाणूच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यावरून निघतो. जन्मानंतर होणाऱ्या कोणत्याही संसर्गात बहिरेपणाचे एवढे मोठे प्रमाण तोवर नमूद झालेले नव्हते.

दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध पेटले व ते 2002 पर्यंत चालले. या रोगाचे क्षेत्रीय संशोधन खंडित झाले. केनेमा येथील रुग्णालयात लासा ज्वराचा विभाग मोठ्या निष्ठेने चालविणारे डॉ. अनिरू कॉन्टे यांचे 2004 साली सुईच्या अपघाती जखमेतून झालेल्या याच रोगाने निधन झाले. बहिरेपणाचे कारण काय, या प्रश्नाकडे पुन्हा नेटाने वळण्यास बराच काळ जावा लागला.

विषाणू की प्रतिकारशक्ती

सिएरा लिओनमधील निरीक्षणांत दोन गोष्टी विशेष विचारार्ह होत्या. पहिली म्हणजे बहिरेपणा येण्याची वेळ. तो बहुधा ज्वर ओसरत असताना, म्हणजे शरीरात प्रतिपिंडे प्रकट होऊ लागण्याच्या सुमारास आला. दुसरी अशी की, आजाराची तीव्रता आणि बहिरेपणा यांत संबंध दिसून आला नाही. ज्याचा आजार सौम्य होता तोही बहिरा झाला. जो मृत्यूच्या दारातून परत आला त्याचे कान कधी कधी शाबूत राहिले. विषाणू स्वतःच केशपेशी खात असता, तर रक्तात तो जेव्हा सर्वाधिक असतो तेव्हा आणि ज्यांच्यात तो सर्वाधिक असतो त्यांच्यात ही हानी दिसावयास हवी होती. म्हणून संशयाची सुई विषाणूवरून शरीराच्या स्वसंरक्षक यंत्रणेकडे वळली.

गालगुंडांशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. गालगुंडांच्या विषाणूमुळेही आकस्मिक बहिरेपणा येतो व तो बहुधा एकाच कानाचा असतो. 1979 साली अशा एका रोग्याच्या अंतःकर्णातील द्रवातून प्रत्यक्ष विषाणू वेगळा करण्यात आला. म्हणजे तेथे विषाणू स्वतः जागेवर सापडला. हा बहिरेपणा विरळा आहे, परंतु समजला जात होता तितका विरळा नाही. पूर्वीच्या ग्रंथांतून 20,000 रोग्यांमागे एक असे प्रमाण दिलेले असे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील अभ्यासात गालगुंडांच्या 7,400 बालरोग्यांपैकी 7 जणांना बहिरेपणा आल्याचे आढळले. एका कानाने नीट ऐकणारे मूल आपला दुसरा कान गेला आहे हे सांगत नाही. पुष्कळदा त्यालाही ते कळत नाही. मुद्दाम तपासल्यावाचून अशा हानीची मोजदाद होत नाही, हाच त्याचा अर्थ.

लासा विषाणूच्या बाबतीत निर्णायक पुरावा मिळविण्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांचा आश्रय घ्यावा लागला. सामान्य उंदरावर या विषाणूचा परिणाम होत नाही. म्हणून प्रतिकारयंत्रणेतील एक विशिष्ट घटक नसलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांना बाधा करण्यात आली. जे उंदीर वाचले त्यांच्यात बहिरेपणा आला. त्यांच्या अंतःकर्णात केशपेशींची व श्रवणाच्या मज्जातंतूची हानी झालेली असून तेथे टी-पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्वेत पेशींची गर्दी झालेली दिसली. यापुढची पायरी 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गाठली गेली. बाधा झालेल्या उंदरांच्या शरीरातून टी-पेशींपैकी एक विशिष्ट वर्ग, म्हणजे साहाय्यक टी-पेशी, काढून टाकल्या असता बहिरेपणा टळला. एखाद्या घटकाची उपस्थिती दाखविणे निराळे आणि तो घटक दूर केल्यावर परिणामही नाहीसा होतो हे दाखविणे निराळे. कार्यकारणाच्या दृष्टीने दुसऱ्या पुराव्याचे मोल अधिक आहे. माकडांवरील 2018 च्या एका अभ्यासातही, बाधेतून वाचून बहिऱ्या झालेल्या प्राण्यांत रक्तवाहिन्यांच्या दाहाची चिन्हे आढळली. अंतःकर्णाची एकाकी धमनी ध्यानात घेतली, म्हणजे या दाहाचा अर्थ सहज उमगेल.

तथापि चित्र सर्वस्वी एकरंगी नाही. नायजेरियातील इरुआ येथे केलेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लासा ज्वराच्या 37 रोग्यांपैकी 5 जणांना रोगाच्या तीव्र अवस्थेतच बहिरेपणा आला होता. काही रोग्यांत विषाणूचा प्रत्यक्ष आघात व काहींत प्रतिकारशक्तीचा उशिरा येणारा आघात, असे दोन मार्ग असणे अशक्य नाही. मात्र ज्वरोत्तर बहिरेपणाचा मुख्य कर्ता शरीराचे स्वतःचे संरक्षक सैन्य होय, या मताकडे पुराव्याचा कल आहे. ज्या यंत्रणेच्या द्रवाने कासाल्स यांचे प्राण वाचले, तीच यंत्रणा दुसऱ्या एखाद्याचे श्रवण हिरावून घेते, असा हा विरोधाभास आहे.

उपचारापुढील पेच

या निष्कर्षाचे व्यवहारातील परिणाम गंभीर आहेत. रिबाव्हिरीन हे विषाणुरोधक औषध लासा ज्वरावर उपयोगी पडते, असे 1986 साली सिएरा लिओनमधील अभ्यासात मांडले गेले. ज्वराच्या पहिल्या सहा दिवसांत ते दिले तर लाभ अधिक होतो, असेही त्यात दिसून आले. हे औषध विषाणूवर प्रहार करते. पण बहिरेपणा जर विषाणू ओसरत असताना प्रतिकारशक्तीमुळे येत असेल, तर त्या वेळी विषाणुरोधक औषधाकडून फारशी अपेक्षा करता येत नाही.

अन्य कारणांनी आलेल्या आकस्मिक बहिरेपणात स्टेरॉइड वर्गातील औषधे देण्याची प्रथा आहे व ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करणे इष्ट मानले जाते. ही औषधे दाह शमवितात; परंतु त्याचबरोबर प्रतिकारशक्तीही दबवतात. लासा ज्वरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या रोग्याच्या शरीरात विषाणू काही काळ रेंगाळत असतो. अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे कान वाचविण्यासाठी प्राण पणास लावणे होऊ शकते. ते केव्हा, किती व कोणाला द्यावे, याचा निर्णय माणसांवरील काळजीपूर्वक परीक्षणांनीच होऊ शकेल. औषध अंगभर न देता थेट मध्यकर्णात टोचण्याची एक पद्धती कानाच्या अन्य रोग्यांत रूढ आहे. तत्त्वतः ती या पेचातून मार्ग काढू शकेल. परंतु तीसाठी कुशल वैद्य व उपकरणे लागतात, आणि लासा ज्वराच्या बहुतेक खेड्यांपासून ही दोन्ही दूर आहेत.

तथापि निश्चित उपचार हाती येईपर्यंत काहीच करण्याजोगे नाही, असे मुळीच नव्हे. रोग्याला घरी पाठविण्याचा दिवस आणि त्याच्या कानांच्या धोक्याचा काळ हे जवळजवळ एकच असतात. म्हणून घरी जाताना व पुन्हा काही आठवड्यांनी श्रवणमापन होणे अवश्य आहे. यंत्र नसेल तेथे कुजबुजीची चाचणी व स्वरकाटा यांवरूनही प्राथमिक अंदाज येतो. मज्जातंतुजन्य बहिरेपणात कपाळावर टेकविलेल्या स्वरकाट्याचा नाद चांगल्या कानाकडे ऐकू येतो, एवढी खूण खेड्यातील आरोग्यसेवकालाही शिकविता येण्याजोगी आहे. बोलण्यास शिकण्यापूर्वीच बहिऱ्या झालेल्या बालकाचे तर भाषाच हरपण्याचे भय असते. त्याला श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा जितक्या लवकर मिळेल तितके त्याचे पुढील जीवन सुकर होते. प्रौढाला, व त्याहून अधिक त्याच्या घरच्यांना, हा रोगाचा ठाऊक असलेला परिणाम आहे, शाप किंवा वेड नव्हे, एवढे समजावून सांगितले तरी पुष्कळ दुःख हलके होते.

भारतात लासा ज्वराचे नैसर्गिक क्षेत्र नाही; परंतु या अभ्यासातून मिळणारा धडा येथेही लागू पडतो. गालगुंडे हा महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असलेला रोग आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर व रुबेला यांची संयुक्त लस दिली जाते. 2024 पर्यंत गालगुंडांच्या लशीचा त्यात अंतर्भाव झालेला नव्हता. गालाची सूज उतरली म्हणजे मूल बरे झाले, असे मानून सोडून देण्याची रीत सर्वत्र आहे. त्याच्या दोन्ही कानांशी पाळीपाळीने हळू बोलून पाहण्यास क्षणभरच लागतो. आणि एक कान गेल्याचे वेळीच कळले, तर वर्गात त्याची जागा बदलणे व दुसऱ्या कानाला जपणे एवढे तरी सहज साधते.

सिएरा लिओनमधील त्या 32 बहिऱ्यांपैकी 26 जणांच्या रक्ताने जे सांगितले, ते त्यांच्यापैकी कित्येकांना स्वतःला ठाऊक असण्याचा संभव कमीच होता. बाधितांपैकी पाचांत चार जणांना आजाराची नीट जाणीवही होत नाही, हे आरंभी पाहिलेच आहे. ताप उतरला हा रोगाचा शेवट नसून अंतःकर्णाच्या दृष्टीने तो एका नव्या अवस्थेचा प्रारंभ असू शकतो. ही गोष्ट वैद्य, परिचारिका व कुटुंबीय यांच्या मनात जितकी दृढ होईल, तितके अधिक श्रवण वाचण्याची शक्यता वाढेल.